देवव्रतची गाडलेली दरी

शुक्रवार, ३१ मे २०२४. उकाडा फार, वारा नाही. पाणी कमी दाबाने आलं. मटारची पिशवी आणि नारळाचा चव शेजारी रत्नप्रभाच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिला, कारण आपल्या फ्रीजरमध्ये देवव्रतचे चिखलाचे दोन डबे आहेत. पेटीतले आंबे संपत आले, काही डागी निघाले. दूध रोजचं एक लिटर. संध्याकाळी दीप्तीचा फोन. तिकीट अजून बारा तारखेचंच आहे.

कुंदाताईंनी पेनाला टोपण लावलं आणि डायरी उशाशी ठेवली. कॉन्व्हेंटात असताना सिस्टर इग्नेशियांनी सांगितलं होतं की डायरीत घडलेलं लिहावं, वाटलेलं लिहू नये. वाटलेलं देवाला सांगावं. कुंदाताई देवाला फारसं काही सांगत नसत, पण पहिली अर्धी शिस्त त्यांनी जन्मभर पाळली होती. लग्न, बाळंतपण, नवऱ्याचं, नंदकुमारांचं जाणं, सगळं त्या वह्यांत वाणसामानाच्या शेजारी एका ओळीत नोंदलेलं होतं. त्या दिवशीच्या नोंदीत ‘अजून’ हा एक शब्द निसटला, तेवढाच.

देवव्रत हा त्यांचा धाकटा भाऊ. पंचाहत्तर साली भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन कॅनडात सास्काटूनला गेला आणि तिथलाच झाला. तो तिकडे नेमकं काय करतो हे घरात कोणालाच नीटसं कळलं नाही. पाणी शोधतो, एवढं माहीत होतं. आई तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना शेवटपर्यंत सांगत असे, “आमचा देवा तिकडे नळखात्यात आहे.” दर दोन-तीन वर्षांनी तो यायचा, चॉकलेटं वाटायचा, सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि परत जायचा. नंदकुमार त्याला दर खेपेला एकच प्रश्न विचारत, “थंडी किती असते रे?” आकडा ऐकून “बापरे” म्हणत आणि पेपर उघडत.

मागच्या वर्षी त्याची बायको मीरा गेली. मुलगी दीप्ती म्हणाली, “बाबा, आत्याकडे जाऊन या थोडे दिवस.” तो जानेवारीत बोरिवलीला आला, परतीचं तिकीट जूनचं ठेवून. कुंदाताईंना एकटं राहून नऊ वर्षं झाली होती. मुलगा मिहिर बेंगळुरूला. पहिले आठ दिवस दोघा भावंडांची पंख्याच्या वेगावरून भांडणं झाली. मग पंखा ठरला, चहाची वेळ ठरली, शब्दकोडं कोणी आधी घ्यायचं तेही ठरलं. मार्चपर्यंत कुंदाताईंच्या ध्यानात आलं की आपण सकाळी जाग आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज येतो का ते ऐकतो. त्याने राहावं असं त्यांना फार वाटू लागलं. पण तसं म्हणणं त्यांच्या घरात नव्हतं. आग्रह जेवणाचा करायचा, राहण्याचा नाही, अशी त्यांच्या वडिलांची रीत.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने खिडकीतून खाली बघत विचारलं होतं, “ताई, आपला ओढा कुठे गेला गं?”

“कुठला ओढा?”

“आपल्या जुन्या चाळीच्या मागचा! डोंगरातून यायचा, खाडीकडे जायचा. तू माझी चप्पल सोडली होतीस त्यात.”

“तो होय! भरला तो केव्हाच. आधी राडारोडा टाकला, मग झोपड्या झाल्या, मग त्या उठवल्या, मग आपली ही बिल्डिंग. तू उभा आहेस ते बरोबर ओढ्यावरच.”

देवव्रत बराच वेळ खाली गाड्या लावलेल्या फरसबंदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आणि तळघरातलं पाणी उपसतो तो पंप? जानेवारीत पण चालतो?”

“बारा महिने. वॉचमन म्हणतो टाकी गळते. कमिटी म्हणते वॉचमन झोपतो न् टाकी भरून वाहते. दर मीटिंगला तेच भांडण.”

तो नुसता हसला. कुंदाताईंची शेगडीवर आमटी होती, त्या आत गेल्या.

एप्रिलच्या शेवटी दीप्तीचे फोन वाढले. बाबांचं घर उघडायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं. एका संध्याकाळी फोन ठेवून देवव्रत म्हणाला, “ताई, मला इथे बरं आहे. पण मी बोलू कोणाशी? खाली कट्ट्यावर गेलो तर शुगर आणि सून. तिकडे निदान चार म्हातारे आहेत, जमिनीखाली काय आहे यावर तास तास वाद घालणारे.”

“मग आमच्या संघात बोल की!” कुंदाताई पटकन म्हणाल्या. त्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यवाह होत्या. “पहिल्या शनिवारी सभा असते. तुझ्या विषयावर बोल. मराठीत.”

“कोण ऐकणार?”

“का नाही ऐकणार?”

देवव्रतने चष्मा पुसला. “बरं. पैज. त्या शनिवारी कोणी एकाने जरी मला माझ्या जमिनीखालच्या दरीबद्दल प्रश्न विचारला ना, एकाने, तर तिकीट दिवाळीपर्यंत पुढे ढकलतो.”

तो थट्टेत बोलला. पण कुंदाताई त्याला अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखत होत्या. तो थट्टेत बोललेलंच पाळत असे.

अडचण एकच होती. मेची सभा उन्हाळ्यामुळे रद्द होती, आणि बारा जूनच्या आधी एकच पहिला शनिवार येत होता, तो नेमका एक जूनला. बोरिवलीतल्याच काय, कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात एक जून म्हणजे काय ते सांगायला नको. त्या पिढीतल्या निम्म्या मुलांची शाळेत नावं घालताना मास्तरांनी सरसकट एक जून लिहून टाकलेली. आईला आठवायचं ‘शिमग्याच्या आसपास’, मास्तर लिहायचे एक जून. संघात वाढदिवस कागदावरचाच धरत, आणि ज्याचा वाढदिवस त्याचं औक्षण व्हायचं. म्हणून जूनच्या सभेला वक्ता बोलावत नसत, असा अलिखित नियम होता.

“जूनमध्ये वक्ता?” रत्नप्रभा दारातच म्हणाल्या. औक्षणाचं खातं त्यांच्याकडे. “कुंदाताई, वाट लागेल हं. अर्धा संघ एक जूनला जन्मलाय.”

“सगळ्यांना एका रांगेत बसव आणि एकदाच ओवाळ.”

“एकदाच? दोन वर्षांमागे शिवदासरावांना जोडीने ओवाळलं तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणे, मी काय सामुदायिक विवाहातला नवरा आहे?”

तरी कुंदाताईंनी विषयपत्रिका लिहिली. प्रार्थना, अहवाल, वाढदिवस, व्याख्यान, आभार, अल्पोपाहार. क्रम नेहमीचाच. पंधरा वर्षांत त्यांनी तो बदलला नव्हता, आणि त्या सुवाच्य अक्षरातला कागद सूचना फलकावर लागला की तो कोणी बदलतही नसे.

देवव्रत मात्र मुलासारखा तयारीला लागला होता. मिहिरची माशांची जुनी काचेची पेटी त्याने माळ्यावरून काढली. गणपतीच्या कारखान्यातून शाडू माती आणली, तळाशी थापून घट्ट केली आणि त्यात चमच्याच्या मागच्या टोकाने एक खोल, वळणाची दरी कोरली.

“हा तिथला जुना खडक,” तो म्हणाला. कुंदाताई शेंगा सोलत बसल्या होत्या. “बर्फ येण्याच्या आधी तिथे नद्या होत्या. आपल्यासारख्याच. त्यांनी हा खडक लाखो वर्षं कापला. काही दऱ्या तर बर्फाच्या पोटाखालून जोरात वाहणाऱ्या पाण्यानेच खोदल्या. मग उत्तरेकडून बर्फ आला.”

“डोंगरावरून?”

“छे, डोंगर कसला. सपाटीवरून सरकत आला, मैल मैल जाड. येताना वाटेतला खडक भरडत आला. पोटात दगड, गोटे, रेती, पीठ झालेली माती. तो वितळायला लागला की त्याचं पाणी आधी दरीत शिरणार, तिथे जाड रेती न् गोटे टाकणार. मग पुन्हा थंडी, पुन्हा बर्फ पुढे येणार, आणि त्या सगळ्यावर चिकणमातीची गोधडी घालणार. असं कितीदा तरी. शेवटी बर्फ कायमचा गेला तेव्हा वर काय राहिलं?”

“काय?”

“काही नाही! सपाट. इथून तिथपर्यंत गव्हाचं शेत. वर उभं राहून कोणाला सांगून खरं वाटणार नाही की पायाखाली दरी आहे. नदीसकट.”

“मग तुला कसं कळायचं?”

“भोक पाडून. यंत्र लावायचं, खालून काय वर येतं ते बघायचं. चिकणमाती, चिकणमाती, चिकणमाती. कंटाळा येतो. शेतकरी गाडीला टेकून तंबाखू चघळत असतो, त्याला वाटतं ह्या ब्राऊन माणसाने आपल्याला फसवलं. आणि मग एकदम गोटे येतात, ताई. गुळगुळीत, नदीतले. हातात घेतले की बर्फासारखे गार. आणि मागून पाणी.” त्याने हात पुढे केला होता, जणू ते गोटे त्याच्या ओंजळीत होते. “पन्नास वर्षं झाली, पण पहिल्या वेळचं ते मला अजून आठवतं.”

कुंदाताईंनी शेंग सोलायची थांबवली होती. पन्नास वर्षांत हे त्याने त्यांना सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि आपणच उठून आमटी बघायला गेलो होतो, ते त्यांना आठवेना.

श्रीखंडाच्या एका डब्यात त्याने पाण्याबरोबर रेती न् बारीक खडी गोठवली, दुसऱ्यात चिकणमाती. सभेत पहिली लादी पेटीत ठेवायची. लोकांच्या डोळ्यांदेखत ती वितळेल, काचेतून दिसेल की रेती दरीत कशी उतरते. मग दुसरी लादी, आणि मातीची गोधडी. “जूनच्या उकाड्यात माझ्या बोलण्याबरोबर बरोबर होईल,” तो म्हणाला. “शेवटी मी विचारणार, दरी कुठे आहे दाखवा. कोणालाच दाखवता येणार नाही. मग आपला ओढा सांगणार.”

शनिवारी पाच वाजता सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये संघ जमला. काचेची पेटी टेबलावर मध्ये ठेवली होती आणि लाद्यांचे डबे कापडात गुंडाळून बाजूला. धोंडूभाऊ, रत्नप्रभांचे यजमान, मालवणचे, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवून मुलांना शिकवलेले. ते पेटीपाशी वाकले.

“काय ओ डॉक्टर, मासे खंय गेले?”

“पाणी यायचंय अजून,” देवव्रत म्हणाला.

“मगे बरां. मी म्हटलंय, मासे खाल्ल्यानी आणि पेटी दाखवूक आणल्यानी.”

सगळे हसले. देवव्रतही. कुंदाताईंना वाटलं, झालं, जमलं ह्याचं.

प्रार्थना झाली, अहवाल झाला. मग रत्नप्रभांनी निरांजन लावलं आणि एक जूनचे लोक उठून पुढे आले. रांग दारापर्यंत गेली. देवव्रतने डब्यावरचं कापड उचलून पाहिलं आणि कुंदाताईंच्या कानाशी वाकला. “ताई, आधी माझं घेऊ या का? बर्फ सुटायला लागलाय.”

कुंदाताईंनी फलकावरच्या कागदाकडे पाहिलं. मग रांगेकडे. जरीच्या साड्या, इस्त्रीचे सदरे. वर्षात एकदाच ओवाळून घेणारी माणसं होती ती. काहींना घरी ओवाळायला कोणी नव्हतं.

“क्रम ठरलाय रे,” त्या म्हणाल्या. “आटपतीलच आता.”

ते आटपले नाहीत. प्रत्येकाला कुंकू लागलं, प्रत्येकाच्या हातात पेढा पडला आणि प्रत्येकाने दोन शब्द सांगितले. एकाने शाळेचे मास्तर सांगितले, एकीने गुडघ्याचं ऑपरेशन. अध्यक्ष शिवदासरावांनी स्वतःचा वाढदिवस सर्वांत शेवटी ठेवला आणि एक कविता म्हटली. तिला कडवी बरीच होती. पंखे फिरत होते, निरांजनाची ऊब येत होती. देवव्रतने मध्येच दोन्ही लाद्या डब्यांतून काढून घाईने पेटीत ठेवल्या, निदान एका जागी तरी राहाव्यात म्हणून. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कुंदाताईंचं होतं. त्यांना काचेतून दिसत होतं, रेतीची एक पिवळी जीभ वळण घेत हळूच दरीत उतरली, थांबली, मागून दुसरी आली. मग वरची माती सुटली आणि गढूळ पाण्याने सगळंच झाकलं. शिवदासरावांचं कडवं चालूच होतं.

देवव्रत बोलायला उभा राहिला तेव्हा पेटीत बर्फ नव्हता. सपाट तपकिरी चिखल, त्यावर बोटभर पाणी. बाहेर योगवर्गाच्या बायका सतरंज्या घेऊन येऊन उभ्या होत्या, आणि मागच्या बाकावर वड्यांच्या पिशवीचा वास सुटला होता.

“खरं म्हणजे आता दाखवण्यासारखं काही राहिलेलं नाही,” तो म्हणाला. “पण होतं ते असंच होतं. बघायला कोणी नसतं.”

काही जण सभ्यपणे हसले. तो पाच-सात मिनिटं बोलला. त्याचं मराठी जुन्या वळणाचं, अडखळत. मध्येच शब्द सापडेना तेव्हा तो हातांनी दरी दाखवी. ओढ्यापर्यंत तो पोचलाच नाही. पायाखाली घरघर सुरू झाली.

“आला पंप!” कोणीतरी म्हणालं. “कमिटीला सांगा जरा!” हॉलभर कुजबुज पसरली. देवव्रत थांबला, फरशीकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण कुजबुज ओसरेना. “धन्यवाद,” म्हणून तो बसला.

“कोणाला काही प्रश्न?” शिवदासरावांनी घड्याळ बघत विचारलं.

एक हात वर झाला. कुंदाताई खुर्चीत पुढे सरकल्या.

“आमचा नातू तिकडे शिकायला जायचं म्हणतो, तर ते व्हिसाचं सध्या कडक केलंय का हो?”

देवव्रतने त्याला नीट उत्तर दिलं. मग दुसऱ्या बाईंनी विचारलं, तिकडे धुण्याभांड्याला बाई मिळते का. त्याने तेही सांगितलं. आणखी कोणी आहे का म्हणून त्याने समोर पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेवटी त्याची नजर कुंदाताईंवर आली.

तेव्हा त्यांना प्रश्न सुचला होता. फरशीखालून घरघर तळपायांना लागत होती आणि प्रश्न अगदी तयार, जिभेवर होता. ‘एकाने जरी’ म्हणाला होता तो. त्या एकात आपण बसतो, हे त्यांना कळत होतं. पण त्या कार्यवाह होत्या, हातात आभाराचा कागद होता, आणि वक्त्याच्या घरच्या माणसाने प्रश्न विचारणं बरं दिसत नाही, असं कुठेतरी लहानपणापासून मुरलेलं होतं. त्या उभ्या राहिल्या. “आजच्या आपल्या कार्यक्रमाला...” त्यांनी वाचायला सुरुवात केली. देवव्रतने नजर खाली घेतली आणि रुमालाने काचेवरचा चिखल पुसू लागला.

घरी आल्यावर त्याने पेटी मोरीत रिकामी केली. कुंदाताई दारात उभ्या राहिल्या.

“देवा, त्या पंपाचं पाणी... ते आपल्या ओढ्याचं आहे का रे?”

तो खाली बसलेला होता. त्याने पेटी बाजूला ठेवली. मग त्याने सगळं सांगितलं, सावकाश, जसं त्याला हॉलमध्ये सांगायचं होतं. ओढा बुजवला म्हणजे ओढ्याची वाट बुजली, उतार नव्हे. डोंगरात मुरलेलं पाणी अजून त्याच खोबणीतून, राडारोड्याच्या फटींतून खाडीकडे जातं, वाटेत आपलं तळघर लागतं. टाकी गळत नाही, वॉचमन झोपत नाही. “तिथल्यासारखंच आहे, फक्त आपल्याकडे बर्फ आला नाही, ट्रक आले. आणि तिथे लाखो वर्षं लागली. आपण वीस-पंचवीस वर्षांत केलं.”

“अरे, हे तिथे बोलला असतास तर सगळा हॉल उठून बसला असता! त्या पंपावरून माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत!”

“बोलणारच होतो.” त्याने हात धुतले. आवाजात राग नव्हता, तेच त्यांना जड गेलं. “हा प्रश्न तिथे विचारायचा ना, ताई.”

त्यांनी त्याला पुसायला टॉवेल दिला. नंतर तो त्या विषयावर बोलला नाही. सोमवारी रत्नप्रभांकडून मटार परत आले. कुंदाताईंनी धोंडूभाऊंना पंपाचं सांगितलं, त्यांनी खाली कट्ट्यावर सांगितलं, आणि पुढच्या चार दिवसांत तीन वेगवेगळे लोक जिन्यात देवव्रतला गाठून विचारू लागले, “काय हो, आमच्या खाली खरंच नदी आहे?” तो प्रत्येकाला थांबून समजावत होता. कुंदाताई दार अर्धवट उघडं ठेवून ऐकत. एकदा त्यांनी धीर करून म्हटलं, “बघ, विचारतायत ना लोक.”

“विचारतायत खरे,” तो म्हणाला. “पण दीप्तीला कळवून टाकलं गं. तिने घर साफ करून घेतलंय, भाजी भरून ठेवणार आहे.” आणि थोड्या वेळाने, “तू तरी राहा म्हणाली असतीस.”

तेव्हा म्हणता आलं असतं. कुंदाताई म्हणाल्या, “पुढच्या वेळी जास्त दिवसांचं काढ तिकीट.”

बारा तारखेला संध्याकाळी टॅक्सी आली. काचेची पेटी त्याने धुऊन, पुसून माळ्यावर ठेवली होती. तळाची शाडू माती मात्र काढली नव्हती. दरी अजून तिच्यात होती, रिकामी. टॅक्सी फाटकातून वळेपर्यंत कुंदाताई गॅलरीत उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी पंखा आपल्या वेगावर केला, थोड्या वेळाने परत त्याच्या वेगावर केला, आणि डायरी उघडली.

बुधवार, १२ जून २०२४. ढगाळ. देवव्रत सहा वाजता निघाला, सोबत मेतकूट आणि आंबापोळी दिली. खालचा पंप चालू. दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून अर्धा लिटर.